पंचविसावी खुंटी

बाबांना कुणी विचारलं की तुम्ही नक्की काय करता, तर ते आधी त्याच्याच हातातला चहाचा कप मागून घ्यायचे. चमचा घालून चहा गरागरा ढवळायचे आणि म्हणायचे, "हा असा हजार वर्षं ढवळला तरी कपाला भोक पडणार नाही. आता यात चिमूटभर वाळू टाका." विचारणारा तोवर कप परत मागत असायचा, पण बाबांचं चालूच. पाणी एकटं खडक कापत नाही, पाणी हत्यारं वाहून आणतं. पुरात वाळू येते, गोटे येतात, एखादा गोटा खडकाच्या खोलगटात अडकतो आणि भोवऱ्यात गरगर फिरत बसतो. झाला रांजणखळगा. शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. मधल्या भिंती झिजून पडल्या की सगळे खळगे एकमेकांना मिळतात आणि नदीला खाली उतरायला जिना होतो. त्या जिन्यालाच लोक घळ म्हणतात.

आमची घळ लहानशी. दोनशे पावलं लांब, तीन मजले खोल, आणि मधल्या वळणावर इतकी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. वरच्या तोंडाशी धबधबा. धबधब्याच्या वर शंभर पावलांवर आमचं घर, आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत नदीमापनाचं ऑफिस. धबधबासुद्धा जागच्या जागी राहत नाही. पायथ्याचा खडक पोखरला गेला की वरची कड तुटते आणि धबधबा वर्षाला बोटभर मागे सरकतो, म्हणजे आमच्या घराकडे. "पाच हजार वर्षांनी आम्हाला घर बदलावं लागणार आहे," असं बाबा प्रत्येक पाहुण्याला गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

घळीच्या भिंतींत बाबांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी चोवीस स्टीलच्या खुंट्या ठोकल्या होत्या, बटणाएवढी डोकी खडकाशी अगदी सपाट. भोवतालचा खडक झिजेल तशी खुंटी उघडी पडत जाते. किती उघडी पडली ते वर्षातून एकदा, पाणी ओसरल्यावर, कॅलिपरने मोजायचं. वर्षाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे माणसाचं नख दोन-तीन दिवसांत वाढतं तेवढं. प्रत्येक डोक्यावर त्या खुंटीचा आकडा ठोकलेला. ते ठसे अजून ऑफिसच्या खणात आहेत. पाच नंबरच्या खुंटीवर घाव घातला आणि पाचाच्या ठशाची शेपटीच उडाली, म्हणून आमचा पाच नंबर धड आणि पंधरा नंबर बांडा.

कामाची पद्धत खात्याने घालून दिलेली. मोजणाऱ्याने लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्याने मोजायचं नाही, म्हणजे एकट्याला घरी बसून आकडे शिजवता येत नाहीत. मोजणारा खालून आकडा पुकारतो. लिहिणारा वरच्या कट्ट्यावर तो पेन्सिलीने लिहितो आणि मोठ्याने परत म्हणतो. मोजणाऱ्याने "बरोबर" म्हटलं की मगच त्यावर शाई. धबधब्याच्या गडगडाटात हे चालायचं म्हणजे पुकारणाऱ्याचा आवाजही तसाच हवा, आणि माझा होता. मी तान्ही असताना रडले की पलीकडच्या काठावरचे लोक घड्याळं लावायचे, असं बाबा सांगायचे. त्यांनी माझं नाव भोंगा ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. एकोणिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा मोजायला घळीत उतरले. पुढची एकोणीस वर्षं मी खाली आणि बाबा वर.

अडचण एवढीच होती की बाबा बहिरे झाले होते.

एकदम नाही. पंधराएक वर्षांत, कणाकणाने. घरात कानाचं यंत्र चालायचं, पण धबधब्याजवळ गेलं की ते शीळ घालायचं आणि बाबा ते काढून खिशात टाकायचे. मग आकडा अर्धा कानाने आणि अर्धा अंदाजाने. मी खाली चोरून पाटीवर आकडे उतरवायची, आणि संध्याकाळी आम्ही दोघं दार लावून वहीतल्या चुका निस्तरायचो. हे नियमात बसत नव्हतं, पण खात्यात गेलेला आकडा न् आकडा खरा होता. एकदाच घोळ झाला. मोजणीच्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या बेकरीत भट्टी भडकली, आम्ही सगळे बादल्या घेऊन धावलो, आणि वही तशीच खात्यात गेली.

महिन्याभराने पत्र आलं. "अकरा आणि सोळा क्रमांकांच्या खुंट्यांभोवतीचा खडक यंदा वाढलेला दिसतो. खडक वाढत नाही, हे आपणास ठाऊक असेलच." म्हणून पुढच्या मोजणीला तपासनीस येणार होती. ती बाबांची चाळिसावी आणि शेवटची मोजणी. लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही असं निघालं, तर जेव्हापासून येत नाही तेव्हापासूनच्या सगळ्या नोंदी रद्द होणार होत्या. आणि ते कधीपासून, हे खुद्द बाबांनाही सांगता आलं नसतं.

"चाळीस वर्षं एकच काम केलं मी," बाबा म्हणाले. "आता तेही पुसणार." पत्राची घडी घालायची, पुन्हा उघडायची, असं त्यांचं चाललं होतं. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मीही घाबरले.

युक्ती नवऱ्याने काढली. "मी मधल्या वळणावर उभा राहतो. भोंगा आकडा पुकारेल, मी बोटांनी बाबांना दाखवीन. बेकरीतले पांढरे हातमोजे घालतो, लांबून दिसतील." महिनाभर घरात तालीम चालली. जेवताना मीठ हवं असलं तरी कुणी तोंडाने मागायचं नाही. बाबांना या खेळाची इतकी गोडी लागली की ते शेजाऱ्यांशीही बोटांनी बोलायला लागले, आणि शेजाऱ्यांना वाटलं म्हातारा फिरला.

सगळं जमून आलं आणि मोजणीच्या आदल्या दिवशी रस्सीखेच झाली. बेकरीवाले विरुद्ध बसचालक. सहा वर्षं बसचालक जिंकत होते आणि बेकरीवाल्यांना बसमध्ये चढताना त्यावरून ऐकून घ्यावं लागत होतं. नवरा दोराच्या शेवटाला, कमरेला दोर गुंडाळून, पाय रोवून उभा. मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण बायका माझ्यापासून लांब सरकल्या एवढं आठवतं. बेकरीवाले जिंकले. लोकांनी नवऱ्याला खांद्यावर घेतलं, तो वरून माझ्याकडे बघून हसला, मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि तोंडातून नुसती हवा आली.

गरम पाणी, मध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. सकाळी उठले तर तीच हवा. "भोंगा बंद पडला," नवरा म्हणाला आणि हसत सुटला. मग माझा चेहरा बघून थांबला. शेवटी असं ठरलं की मी खालून त्याला बोटं दाखवायची आणि मधला निरोप्या म्हणून त्यानेच ओरडायचं. बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांना तसाही फरक पडणार नव्हता.

तपासनीस बाई उंच होत्या, पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट आणि कानावर पेन्सिल. बाबा इस्त्रीचा कोट घालून दारातच उभे होते. प्रवास कसा झाला, हे त्यांनी विचारलं आणि उत्तर येण्याआधीच "वा, वा" म्हणाले. बाईंनी कट्ट्यावर पोचताच नवऱ्याच्या टोपलीतले दोन बन खाल्ले, तिसरा रुमालात बांधून ठेवला आणि मग वळणाकडे निघालेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"हे कोण?"

नवराच म्हणाला, "जावई."

"मोजणीतले?"

"नाही. बेकरीतले."

"मग तुम्ही बनांपाशी बसा," बाई म्हणाल्या. "खाली मोजणारा, वर लिहिणारा. बाकी कुणी नको."

मी तेव्हाच कागद-पेन्सिल घेऊन खरं काय ते लिहून द्यायला हवं होतं. पण बाबांनी वही मांडीवर उघडली होती, आणि पेन्सिलीला टोक करताना त्यांनी ते दोनदा मोडलं होतं. माझ्याने होईना. मी मनाशी ठरवलं की उतरायचं, पहिल्या खुंटीपाशी थोडं थांबायचं, वर येऊन घसा दाखवायचा आणि आठ दिवसांची मुदत मागायची. लोखंडी शिडीच्या एकसष्ट पायऱ्या मी उतरले.

खाली नेहमीसारखंच होतं. ओल्या दगडाचा वास, वर आकाशाची चिंचोळी पट्टी, घोट्याएवढं थंडगार पाणी. पुराच्या दिवसांत गरगरणारे गोटे आपापल्या खळग्यांत गप्प बसलेले. मला घळीत कधी भीती वाटली नाही, तेव्हाही वाटत नव्हती. मी एक नंबरला कॅलिपर लावला. बारा पॉइंट चार. सवयीने तोंड उघडलं. नुसती हवा.

आणि वरून बाबांचा आवाज आला. "एक. बारा पॉइंट चार."

मी चकित झाले आणि मग मला हसू आलं. गेल्या वर्षीचा आकडा बारा पॉइंट एक होता, त्यात नेहमीचे तीन मिळवले की झालं. चाळीस वर्षं ज्याने लिहिलं त्याला ऐकायची गरज काय? म्हातारा पक्का होता. दोन नंबर, अकरा पॉइंट आठ. तोही बरोबर. तीन नंबरपासून वळण सुरू होतं, तिथून पुढे कट्ट्यावरून मी दिसत नाही. तीन, चार, पाच, सहा. मी मोजायची आणि वरून तोच आकडा यायचा. बाबांचा आवाज उमदा होता, वीस वर्षांपूर्वी असायचा तसा.

सात नंबरपाशी मी थबकले. पुरात मोठा धोंडा आपटून खुंटीशेजारचा खडकाचा टवका उडाला होता. तुटलेली कड अजून ताजी, पांढरट होती. हे कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी कॅलिपर लावला. तेरा असायला हवे होते, एकवीस पॉइंट सहा भरले.

"सात. एकवीस पॉइंट सहा," वरून बाबा म्हणाले.

आठला, नवाला, दहाला मी नुसती ऐकत राहिले. प्रत्येक आकड्यानंतर बाबा थांबायचे. त्या थांबण्यात धबधब्याचा आवाज बारीक व्हायचा, नळ थोडा बंद करावा तसा, आणि मग पुन्हा मोठा व्हायचा.

बारा नंबरपाशी मी कॅलिपर खिशात घातला. हात पाठीमागे बांधले. तोंड घट्ट मिटलं.

"बारा. नऊ पॉइंट नऊ."

मग मोजलं. नऊ पॉइंट नऊ. पुन्हा मोजलं. तेच.

तोवर वरून तेरा नंबर येऊन गेला होता.

मी धावले. पाण्यातून, गोट्यांवरून, कॅलिपर हातात धरून एकेका खुंटीला नुसता टेकवत. आकडा आधी वरून यायचा आणि मग माझ्या हातात. एकही चुकला नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होता तो आनंद. बाबांची चाळीस वर्षं वाचत होती. मी बिनआवाजाची हसत होते.

चोविसावी झाली. मी शिडीकडे वळले.

वरून बाबा म्हणाले, "पंचवीस. शून्य."

शिडी चढून वर आले तर बाबा उभे होते. डोळे भरलेले. "ऐकू आलं, भोंग्या," ते माझ्या कानाशी म्हणाले. "एकूण एक ऐकू आलं मला." यंत्र त्यांच्या खिशातच होतं, त्याची तार बाहेर लोंबत होती. बाई खूश होत्या. "आवाज काय खणखणीत आहे हो तुमचा. पाण्याच्या वरून सरळ कानात येतो." नवरा टोपलीपाशी बसला होता. त्याच्या हातात अर्धा तोडलेला बन होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

"खाली कोण होतं?" त्याने हळूच विचारलं.

मी मान हलवली. कुणी नाही.

"दोन गोष्टी आहेत," बाई वही चाळत म्हणाल्या. "तुम्ही एकदाही 'बरोबर' म्हणाला नाहीत. म्हणून यांनी एकाही आकड्याला शाई लावलेली नाही. पद्धत म्हणजे पद्धत, ते मला आवडलं. पण सगळं पेन्सिलीत आहे आणि पेन्सिलीवर मला सही करता येत नाही. दुसरं म्हणजे, यादीत चोवीस खुंट्या आहेत. ही पंचविसावी कुठली?" प्रश्न त्यांनी वहीवर बोट ठेवून विचारला, त्यामुळे बाबांना तो कळला.

"मी चोवीसच ठोकल्यात," बाबा म्हणाले. "पण हिने पंचवीस पुकारली. पुकारलेलं लिहायचं, एवढंच माझं काम."

"चला, बघू," बाई म्हणाल्या आणि शिडीला लागल्या.

मी त्यांच्या मागोमाग उतरले. चोवीस नंबरच्या पुढे घळ डावीकडे वळते आणि तिथे एक मोठा रांजणखळगा आहे, माणूस उभा राहील एवढा. त्याच्या काठावर मी एकोणीस वर्षं दर मोजणीनंतर बसले आहे, बूट काढून पाणी ओतायला. बाईंनी खळग्याच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवला आणि त्या थांबल्या.

तिथे खुंटी होती. स्वच्छ, चकचकीत. डोकं खडकाशी सपाट, मध्ये नख घालायलाही जागा नव्हती. त्यावर पंचवीस ठोकलेलं. पाचाची शेपटी धड होती.

म्हणजे ठसा तुटण्याआधीची. चाळीस वर्षांपूर्वीची. आणि तिच्याभोवतीचा खडक केसभरही झिजलेला नव्हता.

"जुनीच दिसतेय," बाई खुशीत म्हणाल्या. "यादीत घ्यायची राहून गेली असणार." खात्याच्या कागदावर गूढ असं काही नसतं, फक्त राहून गेलेलं असतं. त्यांनी माझ्या हातातला कॅलिपर घेतला, वाकून खुंटीला लावला आणि डोळा बारीक करून वाचायला लागल्या. "शून्य. ठीक. आता माझ्यासमोर एकदा रीतसर होऊ दे. पुकारा."

मी तोंड उघडलं. हवा.

"पंचवीस. शून्य."

आवाज खालून आला, घळीच्या पुढच्या वळणाआडून. माझा आवाज. मी तो तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाईंची मान कॅलिपरवर वाकलेली होती, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"पंचवीस. शून्य," कट्ट्यावरून बाबा.

मग धबधबा बारीक झाला. आणखी बारीक झाला. मला माझा श्वास ऐकू येत होता, बाईंच्या मनगटातलं घड्याळ ऐकू येत होतं. कुणीतरी वाट बघत होतं. कट्ट्यावर बाबा बघत होते ती वाट वेगळी.

मी पोटातून जोर लावला. घसा सोलवटून निघाला. "बरोबर," मी म्हणाले.

धबधबा पुन्हा गडगडायला लागला. बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"अहो, घसा कधी बसला?"

"आत्ता," मी म्हणाले.

वर जाऊन बाईंनी मला सगळे आकडे एकेक करून दाखवले, मी प्रत्येकाला खरखरत "बरोबर" म्हटलं आणि बाबांनी प्रत्येकावर शाई फिरवली. "नोंदी विश्वासार्ह. चाळीस वर्षे पूर्ण," असा शेरा मारून बाईंनी सही केली, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली की लिहिणाऱ्याची निवृत्तीनंतरही इच्छा असल्यास हे काम त्यांच्याकडेच ठेवावं. बाबांनी बाईंना आणि जावयाला एकाच मिठीत घेतलं. बाईंचे बूट जमिनीवरून उचलले गेले. त्या दिवशी टोपलीत एक बन उरला नाही आणि बाबांनी बाईंच्या चहात वाळू टाकण्याचा दोनदा प्रयत्न केला.

संध्याकाळी नवरा भट्टीची राख काढत होता. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "तुझाच आवाज होता."

मी थांबले.

"पण आत्ताचा नाही. आपण भेटलो ना, तेव्हाचा."

पुढच्या महिन्यात बाबांच्या कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला आणि हळहळून सांगितलं की दोन्ही कान कामातून गेलेत, पाण्याजवळ तर यांना तोफही ऐकू येणार नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. वर्षातून एक दिवस ऐकू आलं तरी पुरे, म्हणाले, बाकी दिवस लोक काय बोलतात ते मला माहीतच आहे.

त्यानंतरच्या वर्षी माझा घसा ठणठणीत होता. एक नंबरला कॅलिपर लावून मी आकडा पुकारला, आणि त्याच क्षणी खालूनही पुकारला गेला. वरून बाबा ओरडले, "एका वेळी एकच!" तेव्हापासून मी आकडा पुकारणं सोडलं. मोजते, ऐकते आणि माझं तेवढं "बरोबर" म्हणते. तेवढ्यासाठी थांबलेलं असतं. एकदा गंमत म्हणून मी म्हणाले नाही, तर धबधबा इतका बारीक झाला की वरून नवऱ्याने पाणी कुठे गेलं म्हणून हाक मारली. पुन्हा कधी मी ती गंमत केली नाही. पंचवीस नंबर दर वर्षी शून्य.

तो आवाज मात्र एका जागी राहिला नाही. हे नवऱ्याने ओळखलं, त्याचा कान चांगला आहे. "हा बेकरी सुरू केली तेव्हाचा," तो एका वर्षी म्हणाला. पुढच्या वर्षी, "हा तुझ्या पस्तिशीतला." दर मोजणीला तो तीन-तीन वर्षांनी मोठा होत होता, आणि येतही होता थोडा अलीकडून. आधी पुढच्या वळणाआडून, मग माझ्यापुढच्या चार-पाच खुंट्यांवरून, मग दोन-तीन खुंट्यांवरून. आम्हाला त्याची मौज वाटायची. बाबा कट्ट्यावर बसून म्हणायचे, धबधबा मागे सरकतो तसंच आहे हे, यात नवल काय.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. दुपारी जेवून आरामखुर्चीत डुलकी लागली ती लागली, यंत्र खिशात. त्या वर्षी वही नवऱ्याने घ्यायची ठरली. मी एकटी खाली उतरले. एक नंबरला कॅलिपर लावला.

"एक. पंधरा पॉइंट एक," खालून माझा आवाज.

"एक. पंधरा पॉइंट एक," वरून बाबा.

मी खडकावर बसले आणि रडले. मग हसले. मग "बरोबर" म्हणाले, कारण ते थांबले होते. सगळ्या खुंट्या झाल्यावर वर आले तर नवरा कट्ट्याच्या एका टोकाला सरकून बसला होता. शेजारी मोकळ्या जागेवर रुमाल अंथरून त्यावर एक बन ठेवलेला.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "म्हणून जागा करून दिली त्यांना."

काल यंदाची मोजणी झाली. ऊन छान होतं, पाणी निवळ होतं. नवऱ्याने टोपलीत ताजे बन घेतले होते आणि उतरताना त्याने मला हसवलं होतं. चोवीस खुंट्या झाल्या. प्रत्येक वेळी खालून आकडा, वरून बाबा, मधे माझं "बरोबर". खालचा आवाज आता इतका ओळखीचा होता की त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. मोठ्या खळग्याच्या काठावर बसून मी पंचविसाव्या खुंटीला कॅलिपर लावला.

"पंचवीस. शून्य."

वरून बाबांनी परत म्हटलं. धबधबा बारीक झाला. मी श्वास घेतला.

"बरोबर," माझ्या खांद्याशी माझा आवाज म्हणाला.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं. आवाज जरा चोंदलेला होता. मला परवापासून सर्दी झाली आहे.